सहलीचा हिशोब आणि शिदोरी
(नभोवाणीवरील भाषण)



अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यांत, गुरुकुंज मोझरी हें आमचें गांव आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं येथें आश्रम स्थापन केला, आणि १९६८ सालीं त्यांच्या निर्वाणानंतर त्यांची समाधीहि येथेंच झाली. दर वर्षीं ऑक्टोबरच्या सुमारास पुण्यतिथीचा महोत्सव भरतो, तेव्हां गांवाचें रूप पार पालटून जातें. माझें घर रस्त्यालगत असल्यामुळें हा सोहळा मला ओट्यावर बसून दिसतो. एसटीच्या गाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो यांतून माणसें उतरतच असतात. आजीपासून नातवापर्यंत आठ-दहा जणांचें एकेक कुटुंब. कोणाच्या खांद्यावर सतरंजी, कोणाच्या हातांत पाण्याची कॅन, कोणाच्या डोक्यावर भाकरी आणि ठेच्याची शिदोरी. दोन-चार दिवस तीं माणसें राहतात, भजनें ऐकतात, दुकानांतून मुलांना शिट्ट्या व फुगे घेऊन देतात, आणि आलीं तशींच हंसतमुखानें परत जातात. या सहलीसाठीं कोणीं कर्ज काढलें आहे असें माझ्या ऐकिवांत नाहीं.

आजचा माझा विषय मात्र यात्रेचा नव्हे. मोठ्या शहरांच्या आसपास जीं प्रचंड करमणुकीचीं उद्यानें निघालीं आहेत, ज्यांना थीम पार्क असें म्हणतात, तेथें मुलाबाळांसह जावयाचें झाल्यास खर्च कसा आवरावा, एवढ्यापुरतेंच मला बोलावयाचें आहे. परंतु ओट्यावरून दिसणारी ती शिदोरी आणि हा विषय या दोन गोष्टी माझ्या मनांत एकमेकींपासून सुट्या होत नाहींत. कां होत नाहींत, तें आमच्या घरची हकीकत सांगितली म्हणजे ध्यानीं येईल.

मी शिक्षक आहें. घरीं पत्नी, मुलगा, मुलगी व आई मिळून आम्ही पांच माणसें. २०२२ सालच्या मे महिन्यांत, करोनाच्या साथीचीं दोन वर्षें घरांत कोंडून काढल्यावर, मुलांना कोठें तरी न्यावें असें ठरलें. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. मुलानें मित्रांकडून मुंबईच्या बाजूच्या एका उद्यानाचीं वर्णनें ऐकलीं होतीं. उलटें होऊन धांवणारी गाडी, काळोखांतून जाणारी नाव, इत्यादि. पोस्टांतील आवर्ती ठेवीचे ३०,००० रुपये नुकतेच हातीं आले होते. पैकीं १२,००० आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूस काढलेले; उरलेल्या १८,००० रुपयांत सहल सहज बसेल असा आमचा अंदाज होता. उद्यानाचें नांव मी सांगत नाहीं, कारण दोष बहुतांशीं आमचाच होता.

परत आल्यावर पत्नीनें वही काढली. खर्च झाला होता ४१,६५० रुपये. ठेवीचे सारे ३०,००० गेले होते, आणि वरचे ११,६५० माझ्या एका सहकाऱ्याकडून उसने घेतलेले होते. आईची शस्त्रक्रिया अकरा महिने लांबली. त्या अकरा महिन्यांत ती घराच्या उंबऱ्याला अडखळून दोनदां पडली. दुसऱ्या वेळीं मनगटाचें हाड थोडक्यांत वांचलें.

तिनें याबद्दल एक शब्दहि काढला नाहीं, आणि म्हणूनच मला तो हिशोब पुन्हां पुन्हां वाचावा लागला. वहींतील आंकडे असे होते : रेल्वे १४,६००, उद्यानाचीं तिकिटें ७,४५०, भाड्याची मोटार ५,२००, राहण्याच्या खोल्या ७,६००, खाणें-पिणें ४,३००, आणि लॉकर, फोटो, खेळणीं, पाण्यांत उतरण्याचे कपडे मिळून २,५००. हे आंकडे मीं मुद्दाम वाचून दाखविले, कारण त्यांत एक गोष्ट आहे जी आम्हांला तोंवर दिसली नव्हती. उद्यानाचें तिकीट, ज्याच्या महागाईबद्दल आपण सारे बोलतों, तें एकूण खर्चाच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी होतें. त्या तिकिटावर सवलत कोठें मिळते याचा शोध करण्यांत आम्हीं कित्येक संध्याकाळ घालविल्या होत्या आणि मोठ्या शर्थीनें ३०० रुपये वांचविले होते. रेल्वेचा विचार मात्र सुचला तो अगदीं शेवटीं. मग तत्काळचीं तिकिटें काढावीं लागलीं, तींहि वातानुकूलित डब्याचीं, कारण दुसरीं शिल्लकच नव्हतीं.

आणि आईचें तिकीट! तिला पूर्ण दराचें तिकीट काढून आम्हीं आंत नेलें, आणि नऊ तास एका बाकावर पिशव्या राखावयास बसविलें. तिला समोरचे पाळणेहि धड दिसत नव्हते. तिनें जावयाची इच्छा दाखविली होती काय? नाहीं. तिला कोणीं विचारलेंच नव्हतें.

आतां हीं उद्यानें पैसा मिळवितात कसा, तें थोडें पाहूं. कारण तें कळल्यावांचून काटकसर नेमकी कोठें करावी हें उमजत नाहीं. आपल्या वऱ्हाडांत जत्रा नाहींत असें नाहीं. चांदूर बाजार तालुक्यांत बहिरमची यात्रा भरते, ती डिसेंबरांत सुरू होऊन पुढें महिनाभर तरी चालते. तेथें रहाटपाळणा असतो, मौत का कुआं असतो, आणि प्रत्येक वेळीं बसावयाचें झालें कीं वेगळे पैसे मोजावे लागतात. मुलानें तिसऱ्यांदा बसण्याचा हट्ट धरला म्हणजे बापाचा हात खिशाशीं थबकतो. पाश्चात्य देशांतहि आरंभीं हीच रीत होती. कोपनहेगन शहरांतील तिव्होली हें उद्यान १८४३ सालीं उघडलें. अमेरिकेंतील डिस्नेलँड १९५५ सालीं उघडलें, तेव्हां तेथें फाटकावर लहानसें प्रवेशमूल्य घेऊन आंतल्या खेळांसाठीं कुपनांच्या पुस्तिका विकीत असत. उत्तम खेळांचीं कुपनें महाग, साध्या खेळांचीं स्वस्त. तीं कुपनें १९८२ सालीं बंद झालीं आणि फाटकावर एकदांच काय ती रक्कम घेण्याची पद्धत पडली. आपल्याकडे दिल्लीचें अप्पू घर १९८४ सालीं निघालें व २००८ सालीं बंद झालें. मुंबईजवळ गोराई येथें एस्सेल वर्ल्ड १९८९ सालीं सुरू झालें, तेंहि २०२२ सालीं बंद झालें. खोपोलीच्या बाजूस खालापूरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत २०१३ सालीं इमॅजिका उघडलें. वऱ्हाडांतील मुलांच्या तोंडीं सध्यां जें नांव असतें तें बहुधा हेंच.

एकदांच पैसे घेण्याची ही पद्धत ग्राहकाच्या सोयीची दिसते, आणि ती तशी आहेहि. बाप खिशाकडे हात नेत नाहीं, मुलें हवीं तितकीं फेरे घेतात. पण या सोयीमुळें आपल्या मनाचा एक पहारेकरी फाटकावरच झोंपीं जातो. 'एवढे पैसे भरलेच आहेत, आतां शंभरांनीं काय होणार?' असें वाटूं लागतें. आणि त्याच वेळीं आपण भुकेलेले, तहानलेले, भिजलेले व थकलेले असतों. आंतील उपाहारगृहें, छायाचित्रें, खेळण्यांचीं दुकानें हीं नेमकीं अशा माणसाची वाट पाहत उभीं असतात. त्यांत कपट कांहीं नाहीं, व्यापारच तो. बाजारांत भूक घेऊन जाऊं नये असें आमच्या आजीचें म्हणणें असे, तेंच येथें लागू पडतें. घरीं बसून, पोटभर जेवून, पंख्याखालीं जो निर्णय फुकट घेतां येतो, तोच तेथें उन्हांत घ्यावा लागला म्हणजे त्याची किंमत पडते.

या निर्णयांत सर्वांत मोठा निर्णय कोणता, तर जावयाचें कधीं? येथें आम्हां वैदर्भीयांना एक असा लाभ आहे कीं त्याचें आम्हांला स्वतःलाच भान नसतें. उन्हाच्या तापामुळें विदर्भांतील शाळा इतर महाराष्ट्राच्या मागून उघडतात. २०२५ सालीं राज्यांतील इतर शाळा १६ जूनला सुरू झाल्या, तर विदर्भांतल्या २३ जूनला. त्यापूर्वीं कांहीं वर्षें हें अंतर पंधरवड्याचेंहि होतें. म्हणजे पुण्या-मुंबईचीं मुलें पाटीदप्तर घेऊन वर्गांत बसलेलीं असतात, आणि आपलीं मुलें मोकळीं असतात. त्या दिवसांत, त्यांतहि मंगळवार-बुधवारीं, तिकडच्या उद्यानांत गर्दी ओसरलेली असते. बरींच उद्यानें शनिवार-रविवार व सुट्ट्यांना अधिक दर लावतात आणि मधल्या वारीं कमी. गर्दी नसल्यामुळें राहण्याच्या खोल्यांचे दरहि उतरतात. पण पैशांहून मोठी बचत वेळेची. मे महिन्याच्या रविवारीं एका खेळासाठीं जेवढा वेळ रांगेंत जातो, तेवढ्यांत तीन खेळ होतात. रांगेंत घालविलेला तास म्हणजे विकत घेऊन फेंकून दिलेला तास होय, ही गोष्ट हिशोबाच्या वहींत कोणी मांडीत नाहीं.

याला एक बाजू मात्र पावसाची आहे, ती लपवूं नये. जूनच्या मध्यापर्यंत कोंकणांत मृगाच्या सरी सुरू झालेल्या असतात, आणि मोठा पाऊस वा विजा असल्या म्हणजे उघड्यावरचे मोठे पाळणे थांबवून ठेवतात. ज्यांना तेच पाळणे हवे असतील त्यांनीं दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा मधला वार पाहावा. ज्यांना पाण्याचे खेळ हवे आहेत त्यांना पाण्यांत भिजलें काय आणि पावसांत भिजलें काय, दोन्ही सारखेंच.

रेल्वेविषयीं थोडें सविस्तर बोलतों, कारण आमच्या वहींत सर्वांत मोठा आंकडा तिचाच होता. अमरावतीहून मुंबईस जाणारी रात्रीची गाडी आहे; संध्याकाळीं बसावें आणि पहांटे कल्याणास उतरावें. अंतर साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक, म्हणजे रात्र गाडींत जाते व मुक्कामाचा एक दिवस वांचतो. आरक्षण पूर्वीं १२० दिवस आधीं खुलें होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची झाली आहे. तेव्हां सहलीचा दिवस ठरला कीं त्यापूर्वींच्या साठाव्या दिवसावर दिनदर्शिकेंत खूण करावी. साध्या शयनयानाचें तिकीट आणि शेवटच्या घटकेचें वातानुकूलित तत्काळ तिकीट यांतील फरक पांच माणसांच्या जाण्यायेण्यांत सहज दहा हजारांच्या घरांत जातो. मुलांच्या बाबतींत २०१६ सालापासून असा नियम आहे कीं पांच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळी शायिका हवी असेल तर पूर्ण भाडें, नको असेल तर अर्धें. रात्रभराच्या प्रवासांत सात-आठ वर्षांचें मूल आईजवळ निजूं शकतें. दहा-अकराचें नाहीं, येथें कद्रूपणा करूं नये. ज्येष्ठांना रेल्वेंत जी सवलत असे ती २०२० सालच्या मार्चमध्यें बंद झाली. एसटीचें तसें नाहीं. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना २०२२ सालच्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत झाला, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धें तिकीट आहे, आणि २०२३ सालच्या मार्चपासून सर्व स्त्रियांना अर्धें. ज्या घरांत आई, पत्नी व मुली आहेत त्यांनीं भाड्याची मोटार ठरविण्यापूर्वीं हा हिशोब एकदां अवश्य करून पाहावा.

कल्याणाहून पुढें कर्जतला आणि तेथून खोपोलीला लोकल जाते. या मार्गावर गाड्या तुरळक आहेत, म्हणून वेळापत्रक घरींच उतरून घ्यावें. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं बाहेरगांवचीं माणसें कल्याणास उतरतांच मोटार करतात, आणि ती दिवसभर उभी करून ठेवतात. उभी असलेली मोटारहि भाडें खाते.

आतां मुलांची उंची. तुम्हांस नवल वाटेल, पण सहलीच्या खर्चाशीं तिचा निकटचा संबंध आहे. पुष्कळ उद्यानांत मुलांचें तिकीट वयावरून नव्हे तर उंचीवरून ठरतें, आणि मोठ्या पाळण्यांवर साधारण साडेचार फुटांच्या आंतील मुलांना घेत नाहींत. हा निर्बंध सुरक्षिततेचा असून योग्यच आहे. आमच्या मुलीला आम्ही घेऊन गेलों तेव्हां ती चार फुटांचीहि नव्हती. उन्हांत पाऊण तास रांगेंत उभी राहिली आणि अगदीं पायरीशीं तिला परत पाठविलें. ती रडली, तिला शांत करण्यासाठीं आम्हीं ६०० रुपयांचें एक कापडी अस्वल घेतलें. तें अस्वल पुढें फडताळावर धूळ खात पडलें होतें. घराच्या चौकटीवर पेन्सिलीनें मुलांची उंची मांडण्याची रीत बहुतेक घरांत असते. निघण्यापूर्वीं त्या खुणेपाशीं पट्टी धरावी, उद्यानाचे नियम वाचावे, आणि कोणतें मूल कशांत बसूं शकेल याची यादी मुलांनाच करावयास सांगावी. यादी करण्यांत मुलांचे चार दिवस आनंदांत जातात, आणि रांगेशीं होणारी निराशा टळते. एखादें मूल अगदींच लहान असेल, तर त्याची उंची वाढेपर्यंत दोन वर्षें थांबणें ही सर्वांत मोठी काटकसर होय.

खाण्याविषयीं बहुतेकांचा एक गैरसमज असतो कीं डबा आंत नेऊं देत नाहींत, मग शिदोरीचा काय उपयोग? आंत बहुधा नेऊं देत नाहींत, हें खरें. पण सहल कांहीं फाटकाच्या आंतच होत नाहीं. गाडींतली रात्र, स्टेशनावरची पहांट, फाटक उघडण्यापूर्वींचा तास, परतीचा सगळा प्रवास, यांतच तर निम्मा खर्च होतो. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि गूळ एवढें घेतलें कीं दोन दिवस कोणाला उपाशी राहावें लागत नाहीं. फाटकांत शिरण्यापूर्वीं सर्वांनीं पोटभर खावें. आंत एक वेळचें जेवण घ्यावें, तेंहि बाराच्या आधीं किंवा तीनच्या नंतर, म्हणजे रांग नसते. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था कोठें आहे तें शिरतांच विचारून ठेवावें. तहान लागल्यावर विचारणारा माणूस बाटली विकत घेतो. मुलांना प्रत्येकीं एक ठराविक रक्कम सकाळींच हातीं द्यावी आणि सांगावें कीं ही तुमची, अस्वल घ्या, फोटो घ्या किंवा परत आणा. आमच्या मुलीनें दुसऱ्या खेपेस ती रक्कम तशीच परत आणली आणि अमरावतीस येऊन चप्पल घेतली!

पाण्याच्या खेळांसाठीं बहुतेक ठिकाणीं नायलॉनसारख्या विशिष्ट कापडाचेच कपडे चालतात. सुती कपड्यांना मज्जाव असतो. ते तेथें विकत वा भाड्यानें मिळतात, आणि तेथल्याच दरानें. अमरावतीच्या बाजारांतून आधींच घेऊन ठेवले तर पुढें शाळेच्या खेळांतहि वापरतां येतात.

राहण्याविषयीं एक गोष्ट मोकळेपणानें बोलली पाहिजे. मुंबई-कल्याणच्या बाजूस आपल्यापैकीं बऱ्याच जणांचे नातलग आहेत, आणि त्यांच्याकडे उतरलें कीं मुक्काम फुकट, असें आपण धरून चालतों. तें फुकट नसतें. दोन खोल्यांच्या घरांत पांच माणसें शिरलीं म्हणजे त्या गृहिणीची पहांट चारला होते. आम्ही दुसऱ्या खेपेस माझ्या मावशीकडे उतरलों, तेव्हां शेतांतल्या तुरीची दहा किलो डाळ आणि मावशीला एक लुगडें नेलें. तो खर्च २,३०० रुपये वहींत 'मुक्काम' या सदराखालींच मांडला आहे. आणि दोन रात्रींच्या वर राहिलों नाहीं.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षां जवळपास काय कमी आहे? चिखलदरा आहे, तेथें आपल्या महाराष्ट्रांत क्वचितच दिसणारे कॉफीचे मळे आहेत, गाविलगडचा किल्ला आहे. शेगांवला श्री गजानन महाराज संस्थानानें या शतकाच्या आरंभीं उभारलेलें आनंदसागर आहे. तळें, बागा, मुलांची झुकझुक गाडी, आणि खर्च अगदीं बेताचा. मध्यंतरीं कित्येक वर्षें तें बंद होतें, म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करावी. या दोन्ही ठिकाणीं आम्ही गेलों आहोंत व पुन्हां जाऊं. परंतु ज्या मुलाला उलटी धांवणारी गाडी पाहावयाची आहे त्याला किल्ला दाखवून 'हेंच चांगलें' असें सांगणें मला शिक्षक असूनहि योग्य वाटत नाहीं. मुलाला बदली वस्तु दिली आहे हें बरोबर कळतें. सरळ सांगावें कीं यंदा पैसे नाहींत, दोन वर्षांनीं जाऊं. आणि मग दोन वर्षांनीं खरोखर जावें. दरम्यान त्याच्या कुतूहलाला खाद्य पुरवावें, त्याला पैसे पडत नाहींत. इमॅजिकांतील एका जलसफरीला राजासॉरस या प्राण्याचें नांव दिलें आहे. तो प्राणी कल्पित नव्हे. गुजराथेंत नर्मदेच्या खोऱ्यांत सांपडलेल्या अस्थींवरून २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें नामकरण केलें. आणि असल्या महाकाय प्राण्यांचे अवशेष आपल्या विदर्भांत, चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा येथेंहि मिळाले आहेत. मीं हें वर्गांत सांगितलें त्या दिवशीं मधल्या सुट्टींत कोणी खेळावयास गेलें नाहीं.

आमची दुसरी सहल २०२४ सालच्या जूनअखेरीस झाली. तत्पूर्वीं, २०२३ सालच्या एप्रिलमध्यें, आईची शस्त्रक्रिया उरकली होती. सहकाऱ्याचे पैसेहि फिटले होते. या वेळीं पोस्टांतील ठेव सहलीच्या नांवानेंच वेगळी उघडली, दरमहा ६०० रुपयांची, म्हणजे दुसऱ्या कशाचे पैसे तिला हात लावणार नाहींत आणि तीहि दुसऱ्या कशाला लावणार नाहीं. ठरवावयास सर्वजण रात्रीं जेवणानंतर बसलों. मुलानें आपला पाळणा सांगितला, मुलीनें पाण्याच्या लाटा सांगितल्या, पत्नीनें सांगितलें कीं मला एक दिवस स्वयंपाक नको. मग आईला विचारलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. नंतर म्हणाली, "मले पाळण्यात नाही बसाचं बापू. मले समुद्र पाह्यचा हाय."

सत्तर वर्षांच्या आयुष्यांत तिनें समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या खेपेस आम्ही तिला त्याच्या इतक्या जवळ नेऊन, पिशव्यांपाशीं बसवून परत आणलें होतें.

तेव्हां या वेळीं तिचें उद्यानाचें तिकीट काढलें नाहीं. आम्ही चौघे खोपोलीच्या गाडीनें गेलों. पाऊस होताच, मुलाचा पाळणा दीड तास थांबला होता, तो पत्र्याच्या आडोशाला बसून राहिला, आणि पाऊस उघडल्यावर रांगच नसल्यामुळें लागोपाठ चार वेळां बसला. त्याच दिवशीं मावशी आईला घेऊन लोकलनें दादरला गेली, आणि तेथून दोघी चौपाटीवर.

रात्रीं वही काढली. रेल्वे ४,४५०, चौघांचीं उद्यानाचीं तिकिटें ४,९००, लोकल व रिक्षा ६२०, मुक्कामाचे २,३००, आंतील जेवण १,१५०, लॉकर ३००. पत्नी बेरीज मारूं लागली तोंच आई म्हणाली, माझेहि लिहा. तिनें एकेक बाब सांगितली : दोघींचें लोकलचें तिकीट, भाजलेलीं कणसें, आणि दोन शहाळीं. एकंदर २४० रुपये झाले, तेव्हां बेरीज १३,९६० आली. त्या २४० मध्यें १४० रुपये शहाळ्यांचेच होते, आणि त्या माणसानें आपल्याला फसविलें असें आईचें अजूनहि ठाम मत आहे.